पाडायचे वेगळे, उचलायचे वेगळे

अगो, ऐकलं ते खरं का? तुझ्या धाकट्याने म्हणे झाडं तोडायची कटर मशीन घेतलीन? गिरणीत दळण ठेवायला गेले तर तिथे तोच विषय, आणि तू शेजारी राहून तोंडातून अवाक्षर काढलं नाहीस! नाही गो, नावं ठेवायला नाही आले. बरं केलंन. मुंबईला जाऊन कुणाच्या तरी सोसायटीच्या गेटवर खुर्ची टाकून बसण्यापेक्षा इथे हाताला काम आहे. तू आपली ती आमसुलं पसरत राहा, मी गडग्याच्या अलीकडूनच बोलते. आमच्या ह्यांच्या लाकडाच्या वखारीची वही शेवटपर्यंत माझ्याकडे होती, ठाऊक आहे ना तुला? झाडावर कोण कसा चढला ते मी बघायला जात नसे. पण पैसा कुठून आला नि कुठून गळला, ते सगळं माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे. आणि त्या वहीत झाड पाडून बुडालेला एक नाही. बुडाले ते सगळे झाड उचलताना.

खालच्या आळीतल्या त्याचंच बघ. त्यानेही अशीच मशीन आणलीन, आठवड्यात पहिलं काम मिळालं. घरामागचा रायवळ आंबा, कौलांवर ओणवा झालेला. मालक म्हणाला, किती घेशील? याने मान वर करून बघितलंन आणि आकडा सांगून मोकळा झाला. झाड दुपारपर्यंत आडवं. मग? टेंपो खाली डांबरी रस्त्यावर आणि घर पाखाडीच्या वरच्या टोकाला! एकेक ओंडका खांद्यावरून पाखाडी उतरत चार गडी तीन दिवस राबले. त्यांची मजुरी, चहा-वडापाव, टेंपोच्या खेपा. वर मालकाने चांगला सरळ बुंधा फळ्या काढायला ठेवून घेतलान आणि पाला-काटक्यांचा डोंगर याच्या गळ्यात. कौलं फुटली ती याच्याच खिशातून. हातात काय राहिलं विचार. गुडघ्याला चोळायचं तेल!

म्हणून म्हणते, धाकट्याला सांग, आकडा तोंडातून काढायच्या आधी झाडाकडे पाठ कर आणि वाट बघ. गाडी कुठवर येते? पाखाडी आहे, पऱ्या ओलांडायचा आहे, की मधे कुणाचं खळं लागतं? त्या खळ्यात सारवलेलं असेल तर तिथून ओंडके न्यायला ती माउली देणार आहे का? पाडायचे किती आणि उचलायचे किती, असे दोन आकडे वेगळे सांगायचे. मालक म्हणाला, ‘उचलू नको, आम्हीच जाळू’, तर पहिलाच आकडा घ्यायचा आणि गप घरी यायचं. खोड कुणाचं, काटक्या कुणाच्या, खुंट काढायचा की जमिनीसरशी ठेवायचा, कौलं फुटली तर कुणी घालायची, हे वहीच्या साध्या पानावर लिहून दोघांच्या सह्या. आपल्याकडे लिहायचं म्हटलं की माणसं बिचकतात, ‘आपल्यात कशाला कागद’ म्हणतात. तसं म्हणेल त्यालाच आधी लिहायला लाव. आपल्यातलाच माणूस पैसे देताना विसरतो.

आणि कागद म्हटलं की सातबारा आलाच. हसू नको, इथेच खरी गंमत आहे. कोकणातलं झाड म्हणजे नुसतं झाड असतं का गो? मूळ एकाच्या हिश्श्यात, सावली दुसऱ्याच्या, आणि आंबे उतरवणारा तिसराच. सातबाऱ्यावर नावं बघायला गेलीस तर अर्धी माणसं वर गेलेली, उरलेली डोंबिवलीत. वरच्या वाडीतलं ते फणसाचं प्रकरण तुझ्या कानावर आलंच असेल. इथे राहणाऱ्या भावाने सांगितलंन, तोड, कापणाऱ्याने तोडलान. कुणाला काही नाही. मग गणपतीला चाकरमानी आले! पाटावर गणपती बसायच्या आत पुतण्याची बोंब, आमच्या आजोबांच्या हातचा फणस कुणाला विचारून तोडलात? भाऊ तिथल्या तिथे फिरला. ‘मी फक्त फांद्या म्हटलं होतं.’ आणि कापणारा गडी मधल्या मधे चोर ठरला. पोलीस ठाण्यापर्यंत गेलं ते. आरतीला दोन्ही घरं एका खळ्यात उभी राहिनात. तेव्हा सामाईक जमीन असेल तर बाकीच्या हिस्सेदारांची संमती आधी मागायची. डोंबिवलीवाल्याने व्हॉट्सॲपवर ‘हो’ म्हटलं तरी ते जपून ठेवायचं. आणि काही नाही तर ज्याने काम सांगितलं त्याच्याकडून ‘जबाबदारी माझी’ एवढं तरी लिहून घ्यायचं.

सरकारचा कागद निराळा. झाड आपलं, जमीन आपली, तरी कुऱ्हाड लावायला परवानगी लागते ती 1964 च्या कायद्याने. वृक्षतोड नियमनाचा कायदा तो. त्याच्या यादीत साग, खैर, चंदन असणार हे कुणालाही कळतं. पण आंबा, फणस, जांभूळ, चिंच, मोह, ऐन, किंजळ हेही आहेत, हे कितीजणांना माहीत असतं? म्हणजे आपल्या परड्यातलं जवळजवळ सगळं आलंच की त्यात. दापोलीत नगरपंचायतीच्या हद्दीत काम मिळालं तर शहरांचा 1975 चा कायदा, तिथे नगरपंचायतीत अर्ज. आणि 2021 च्या दुरुस्तीपासून 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं, त्याला हात लावायचा तर लांबची वाट. गाडीत लाकूड भरून रस्त्याला लागायचं तर वनखात्याचा वाहतूक पास. काही जातींना पास लागत नाही, पण ती यादी चहाच्या टपरीवर ऐकायची नाही, वनपरिक्षेत्राच्या कचेरीत स्वतः जाऊन बघायची. खैराच्या तर वाटेलाच जाऊ नये नवख्याने. चिपळूणकडे काताच्या भट्ट्या असल्यामुळे खैर चोरून तोडणारे पुष्कळ, मग सरळ माणसाची गाडीही नाक्यावर थांबवतात. खाडीकाठच्या कांदळाला तर पानालाही हात नको. नि देवराईतलं पडलेलं लाकूड फुकट देतो म्हणाला कुणी, तरी उचलायचं नाही. तिथे वनखातं एक वेळ सोडील, गाव सोडायचा नाही.

चहा घेतेस? नको? बरं.

झाडाखाली उभं राहून वर बघायचं तेही शिकावं लागतं. तारा कुठून जातात हे पहिलं. महावितरणच्या वायरमनला फोन करून लाईन बंद करून घेतल्याशिवाय तारेजवळच्या फांदीला हात लावायचा नाही. ओली फांदी, ओला दोर, दोन्हीतून करंट येतो. मग लाल मुंगळ्यांची घरटी, गांधीलमाश्या. आग्यामोहोळ असलं तर त्या दिवशी सामान उचलून घरी. आणि ढोली बघायची गो, ढोली! उन्हाळ्यात जुन्या बेहड्याला नाहीतर आंब्याला वर भोक दिसलं आणि ते मातीने लिंपून मधे नुसती फट ठेवलेली दिसली, तर आत धनेशाची मादी आहे असं समज. ती स्वतःला आत कोंडून घेते आणि नर बाहेरून फटीतून फळं भरवतो. तो मेला तर आत सगळं कुटुंब उपाशी. असलं झाड पाडलं तर कायद्याने गुन्हा आहेच, पण कायदा राहू दे बाजूला, तुझ्या धाकट्याला रात्री झोप लागेल का? पिल्लं उडाली की मग बघ म्हणावं मालकाला. पावसाआधी कावळ्या-बगळ्यांच्या घरट्यांचंही तेच. आणि गडग्याजवळचं झाड असेल तर खोडावर हात फिरवून बघ म्हणावं. जुन्या कुंपणाच्या तारा झाडाने गिळलेल्या असतात, वरून साल चढलेली, दिसत नाही. चेन त्यात गेली की दात उडतात, आणि उडालेला तुकडा कुठे जाईल ते सांगता येत नाही.

आता तू विचारशील, काकी, तुम्हाला कापायचं काय कळतं? अगो, ह्यांच्याकडे नवा गडी आला की पहिला धडा आमच्या खळ्यातच व्हायचा, आणि मी मागीलदारी तांदूळ निवडत ऐकायची. झाड ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूला आधी खाच, खोडाच्या चौथ्या हिश्श्याएवढी. मग मागून काप, खाचेच्या तळापेक्षा बोटभर वर. आणि आरपार न्यायचा नाही! मधे पट्टी ठेवायची, दोन फुटी खोडाला दोन-अडीच इंचाची. तीच बिजागरी. ती झाडाला धरून सावकाश त्या बाजूला झोपवते. ती कापली की झाड कुणाचं नाही, कुठेही जाईल. पळायची वाट आधी साफ करून ठेवायची, तीही झाडाच्या अगदी मागे नाही, तिरकी मागे. बुडखा उलटा उसळतो. आणि झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसरं माणूस नको. बघायला म्हणून पोरं येतात, म्हातारे येतात, मोबाईल धरून जावई येतात, सगळ्यांना आधी हाकल.

फांदीचं निराळं. जड फांदी वरून सरळ कापायला घेतली तर अर्ध्यावर मोडते आणि जाताना खोडाची साल खालपर्यंत सोलून नेते. म्हणून आधी खोडापासून हात-दीड हात सोडून खालच्या अंगाने थोडा काप, मग त्याच्या जरा पुढे वरून. वजन गेलं की उरलेला ठोंब बुडाशी कापायचा. पण खोडाला चाटून नाही. फांदी खोडातून निघते तिथे फुगीर कडं असतं बघ, त्याच्या बाहेरून. जखम भरून काढायचं काम ते कडंच करतं. ते कापलं की कुजायला वाट मोकळी, आणि लांब ठोंब ठेवला तरी तेच.

मशीनच्या टोकाने कापायला जायचं नाही, टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन उलटी तोंडाकडे येते. खांद्याच्या वर धरून चालवायची नाही. आणि शिडीवरून तर नाहीच नाही. पेट्रोलमध्ये टू-टी ऑईल किती ते मशीनच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, दुकानदाराच्या अंदाजाने घालू नये. 50 ला 1 म्हटलं असेल तर लिटरला 20 मिली, बाटलीचं झाकण भरून नव्हे. चेनचं तेल वेगळं, ते संपलं नि पेट्रोल उरलं तर थांबायचं. आणि कापताना पडतंय काय ते बघायचं. लाकडाचे बारीक तुकडे उडत असले तर धार आहे. पिठासारखा भुसा पडायला लागला की गोल कानस काढ आणि दात घास. बोथट चेनने माणूस जोर लावतो, आणि जोर लावला की घात.

हे मी सांगितलं म्हणून सांगू नको, पण परवा मी त्याला बर्मुडा नि स्लिपरवर त्या मशीनशी खेळताना बघितलं. हो, परड्यातच. हेल्मेट, डोळ्यांवर जाळी, कानाला बोंडं, जाड बूट, आणि मांडीला अस्तर असलेली ती पँट मिळते ना, ती. मशीनला पैसे होते तर पँटीला का नाहीत? गड्यांचा अपघात विमाही उतरवायचा. गडी पडला की त्याच्या घरचं बघायची जबाबदारी त्याला कामावर ठेवणाऱ्यावर येते, 1923 पासून कायद्यातच आहे तसं. उद्यम नोंदणी फुकट होते, ती करून ठेवावी. बँकेत गेलं की विचारतात.

पण मी काय म्हणते, नुसतं पाडत बसू नये त्याने. पाडलेलं झाड पुन्हा पैसे देत नाही. छाटलेलं झाड दर दोन-तीन वर्षांनी बोलावतं. आपल्याकडे बागा बघ किती म्हाताऱ्या झाल्यात! शेंडे आभाळाला, आत सगळा काळोख, आंबा लागतो तो वरच, आणि वर चढायला माणूस मिळत नाही. आतल्या फांद्या काढून ऊन-वारा आत घ्यायचं, उंची टप्प्याटप्प्याने उतरवायची, हे शास्त्र आहे. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ 1972 पासून आपल्या उशाशी आहे. जाऊन विचार म्हणावं तिथे, शिकवतात. मालक म्हणतील, ‘शेंडाच उडवून टाक, दहा वर्षं बघायला नको.’ ऐकायचं नाही. शेंडा सपाट उडवला की त्याच्या कडेने धुमारे फुटतात झुबकेच्या झुबके, वरच्या सालीला धरून. ते जाड झाले की पहिल्या वादळात कौलांवर.

बांडगुळाचं काम तर आयतं आहे. आमच्याच आंब्यावर बघ वरती, ते तपकिरी झुबके. पक्षी फळ खातात, चिकट बी फांदीला पुसतात, आणि ते तिथेच मूळ धरतं. नुसतं बांडगूळ ओरबाडलं तर आतून परत येतं. जिथे चिकटलंय त्याच्या खाली फूटभर फांदी धरून कापायची, आणि फळ धरायच्या आत. खोडकिड्याला तारेचा आकडा आणि डोळे लागतात. बुंध्याशी ताजा भुसा पडलेला दिसला की वर कुठेतरी भोक असणारच. आणि मोठ्या कापावर बोर्डो पेस्ट. किलोभर मोरचूद, किलोभर चुना, 10 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं, प्लॅस्टिकच्या बादलीत, लोखंडी घमेल्यात नाही. मग एकत्र करून त्यात विळ्याचं पातं बुडवून बघायचं. पात्यावर तांबूस रंग चढला तर चुना कमी आहे, आणखी घाल. ही पेस्ट लावायचे वेगळे पैसे घ्यावेत आणि मालकाला समोर उभं करून लावावी. निळं निळं दिसलं की माणसांना पैसे दिल्याचं समाधान वाटतं, हे ह्यांचं म्हणणं.

वादळाचे पैसे मात्र विचार करून घ्यावेत. 3 जून 2020 विसरलीस? निसर्ग चक्रीवादळ आलं श्रीवर्धन-दिवेआगरकडून, आणि इकडे मंडणगड-दापोलीत एक घर कौलांसकट राहिलं नाही. तेव्हा ज्याच्याकडे मशीन तो राजा होता. काहींनी वाट अडवलेल्या एका माडाचे वाट्टेल ते पैसे घेतले. घेतले ते मिळाले, पण त्यांना आता छाटणीला कुणी बोलावत नाही. आणि वादळातलं झाड म्हणजे उभ्या झाडापेक्षा वाईट. दोन झाडांमधे अडकून वाकलेली फांदी म्हणजे ताणलेलं धनुष्य. ताणलेल्या अंगाने एकदम कापली की फटका. दबलेल्या अंगाला आधी थोडा काप, मग ताणलेल्या. मुळासकट उपटलेल्या झाडाचं खोड कापलं की मुळांची ती चकती धाडकन परत खड्ड्यात बसते. त्या खड्ड्यात पोरं खेळत असतात गो! पहिली त्यांना बाहेर काढ म्हणावं. आणि वादळानंतर लाकूड विकायला जाऊ नको. प्रत्येकाच्या परड्यात पडलेलं असतं, फुकटही कुणी नेत नाही. ते फोडून झाकून ठेवणाराला पुढल्या वर्षी पैसे.

आता लाकडाचंच सांगते, माझी खरी जागा ती.

ओलं लाकूड वजनावर घेऊ नये आणि ओलं लाकूड कुणाला विकू नये. पहिलं आपल्यासाठी, दुसरं गिऱ्हाइकासाठी. ताज्या तोडीत कधी कधी निम्मं पाणी असतं. काट्यावर 1000 किलो भरलं त्याचे पैसे मोजलेस. ते चांगलं सुकून पाणी पाचव्या हिश्श्यावर आलं की काटा दाखवतो 625. बाकीचं आभाळात गेलं. आमच्या पहिल्या दोन वर्षांच्या वहीत हे आभाळात गेलेलं कुठे लिहायचं तेच मला कळत नव्हतं. मग मी एक खाना पाडला, ‘सुकट’ म्हणून. हे हसले, म्हणाले मासे विकतेस का? पण तो खाना पाडल्यावर वखार पुढे फायद्यात आली.

आपल्याकडे पाऊस असा की सुकवायला दिवस थोडेच. दिवाळी झाली की तोड, पौष-माघात फोड. ओलं असतानाच फोडायचं, सुकलं की कुऱ्हाड बसत नाही. ढलप्या जमिनीवर टाकायच्या नाहीत, खाली दोन ओंडके आडवे घालून वर रचायच्या, सालीची बाजू वर. वरून पत्रा, बाजू उघड्या. ताडपत्रीत चारी बाजूंनी गुंडाळून ठेवणारे शहाणे आहेत पुष्कळ. आत घाम धरतो नि बुरशी येते. वैशाखापर्यंत दोन ढलप्या एकमेकींवर आपटून बघायच्या. टण्ण वाजल्या, टोकांना तडे गेले, साल सुटायला लागली की झालं. मिरगाआधी सगळं छपराखाली. आगोटीला गिऱ्हाईक धावत येतं, प्रत्येकाला चार महिन्यांची बेगमी हवी असते, तेव्हा ज्याच्याकडे सुकं त्याचा भाव. जूनमध्ये तोडून जूनमध्ये विकणारा दरवर्षी शिव्या खातो. धूर घरात, शिव्या दारात.

कुठलं लाकूड कुणाला, हेही बघावं लागतं. सुरू आणि आकेशिया उत्तम, निखारा धरतात, पासाचीही कटकट कमी. ऐन-किंजळ त्याहून सरस, पण परवानगीशिवाय नाही. चिंच चिवट, फोडताना घाम काढील, पण आचारी मागून नेतात. आंबा मध्यम, न्हाणीच्या बंबाला ठीक. पांगारा, सावर, शेवगा कुणाला देऊ नये, कागदासारखं भडकतं नि संपतं. तसलं फुकट दे नाहीतर कुजव. बिबा तर वखारीत आणूच नये, फोडणाराचं अंग सुजतं. वड-पिंपळ-उंबर काही घरांत चुलीत घालत नाहीत, ते मिसळून दिलं तर गिऱ्हाईक कायमचं गेलं. माडाची सोडणं-करवंट्या निराळ्या पोत्यात, त्याचं निराळं गिऱ्हाईक. आणि पाला-काटक्या जाळत बसू नये रस्त्याकडेला. फाल्गुन-चैत्रात भाजावळीला शेतकरी शोधत असतात, त्यांना निरोप पाठव, स्वतः येऊन नेतात. त्याचे पैसे नाही मिळाले तरी तुझा उचलायचा खर्च वाचला ना? तिथेच तर मघापासून घोडं अडलंय.

राशीत हात घालताना मात्र काठी आधी. आपल्याकडे फुरसं केवढंसं असतं, लाकडाच्या रंगात रंग. वरच्या थरातून काढायचं, मधून उपसायचं नाही.

गिऱ्हाईक बेकरीवर भरवसा ठेवून धरू नये. मुंबईला उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅससारख्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलंन. हे लोण इकडे यायला वेळ लागेल, पण येईल. घरगुती गॅसही घरोघरी गेलाय. तरी बंब पेटायचा थांबलाय का कुठे? सिलिंडर आंघोळीच्या पाण्यावर घालवायला कुणाचा जीव होत नाही. लग्नाचे आचारी, होळी, न्हाणी, ही आपली माणसं. आणि मयतीचं लाकूड. एका चितेला तीन-चारशे किलो लागतं, तेही सुकं, तेही पावसात रात्री दोनला. त्यासाठी एक रास बाजूला ठेवायचीच, विकायची नाही. त्या रात्री भाव सांगायचा नाही, तेराव्यानंतर घरचा माणूस आपण होऊन येतो. एखादा येत नाही. नाही आला तर नाही आला, वहीत लिहायचं नि पान उलटायचं.

बाकी उधारी बंद. पाडायच्या कामाला निम्मे आधी, उरलेले उचलून झाल्यावर, खराटा मारून, मालकाला बोलावून दाखवून. हो, खराटा मारायचाच! कापणी विसरतात माणसं, खळ्यात राहिलेला भुसा विसरत नाहीत. शेजारीण विचारते, कुणाला बोलावलं होतंत? तिथेच पुढलं काम मिळतं.

अगो, आमसुलं उलटी कर ना, वरची करपली बघ. आणि त्याला एवढं सांग, आमच्या न्हाणीला आकेशिया दोन टेंपो हवाय, मिरगाआधी. शेजारी म्हणून कमी लावू नको म्हणावं, बाजारभावच लाव. पण आज टाकून उद्या पैसे मागायला आलास तर काकी आधी दोन ढलप्या वाजवून बघणार. आणि ते वरचं बांडगूळ काढायला कधी येतोस विचार. फांदी तुमच्या अंगणात पडेल ती तुमची, उचलायचे पैसे मी देणार नाही.